१ कॅरेट ४० सेंटच्या कुड्या आणि १ कॅरेटची अंगठी

राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलं आहे: “सासूबाईंच्या लग्नातल्या, १९५० च्या आधीच्या हिऱ्यांच्या कुड्या आहेत, प्रत्येकीत सात हिरे. सराफ म्हणतात, सगळे मिळून १ कॅरेट ४० सेंट भरतील. मुलाचा साखरपुडा आहे, सुनेसाठी १ कॅरेट हिऱ्याची अंगठी बघितली. कुड्या मोडीत दिल्या तरी वर बरीच रक्कम द्यावी लागेल म्हणतात. १.४० देऊन १ घ्यायचा आणि वर पैसेही द्यायचे, हा कुठला हिशेब? आम्हाला फसवतायत का? कुड्यांच्या जुन्या चिठ्ठीवर ‘सव्वादोन रती’ लिहिलंय. नात्यातले एक जण म्हणतात, ते दोन कॅरेटच्या वर होतं. आणि दुसऱ्या एका दुकानात तेवढाच हिरा अगदी थोडक्यात मिळतोय, तो लॅबचा म्हणे.”

ताई, वर पैसे लागणार, एवढं तरी सराफ खरं सांगतायत. किती लागावेत हे मात्र तपासून घ्यायला हवं. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ पेठेत, हिरे पारखायला बसून मला तीस वर्षं झाली आणि तुमचा हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलाय. त्यात विचारणाऱ्याची चूक नसते. आपण कोल्हापूरकर दागिना म्हटलं की सोन्याच्या हिशेबानं विचार करतो. साज पाच तोळ्यांचा असला तर सोन्याची किंमत पाच तोळ्यांची, दहाचा असला तर बरोबर दुप्पट. सोन्याचे दोन तुकडे वितळवून एक करता येतात, म्हणून तिथं वजनाची सरळ बेरीज चालते. हिरा वितळवून जोडता येत नाही. शंभर सेंटचा एक कॅरेट. दहा-दहा सेंटचे दहा हिरे एकत्र ठेवले तर काट्यावर १ कॅरेट दिसेल, पण १ कॅरेटचा हिरा काही तयार होणार नाही.

मासळी बाजारात पापलेट घेताना हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. किलोत दोन बसणारं पापलेट आणि किलोत दहा बसणारं, दोन्हींचा किलोचा भाव एक नसतो. मोठा मासा जाळ्यात कमी येतो, म्हणून वजन वाढलं की किलोचा भावही वाढतो. हिऱ्याचं तसंच, फक्त फार तीव्रपणे. खाणीतून निघणारा बहुतेक माल बारीक असतो. त्यातून मोठा, स्वच्छ खडा विरळा, आणि पैलू पाडताना त्यातलंही निम्मं किंवा त्याहून जास्त वजन झिजून जातं.

आकडे घालून बघू. हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून धरलेत, आजचा बाजारभाव समजू नका. समजा, १० सेंटच्या हिऱ्याचा दर कॅरेटला ६० हजार आहे आणि त्याच प्रतीच्या १ कॅरेटच्या एका हिऱ्याचा दर कॅरेटला ३ लाख. तुमच्या चौदा हिऱ्यांचे होतात ८४ हजार, अंगठीतल्या एकट्या हिऱ्याचे ३ लाख. वजन तुमचं जास्त, किंमत अंगठीची तिपटीहून जास्त. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणींपर्यंत येऊन गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानं त्या काळचा ठोकताळा लिहून ठेवलाय: वजनाचा वर्ग करायचा आणि त्याला एका कॅरेटच्या भावानं गुणायचं. म्हणजे वजन दुप्पट झालं की किंमत चौपट. आता कुणी तसा हिशेब करत नाही, पण किंमत कोणत्या वाटेनं चढते ते त्यातून नेमकं कळतं.

आज ती पायऱ्यांनी चढते. ३० सेंट, ५० सेंट, ७० सेंट, १ कॅरेट, दीड, दोन अशा प्रत्येक पायरीवर कॅरेटचा दर एकदम उडी घेतो. व्यापारात १९७८ पासून मार्टिन रॅपापोर्ट या व्यापाऱ्याची हिऱ्यांची भावयादी चालते. ती दर आठवड्याला निघते आणि तिच्यात वजनाचे गट करून, रंग आणि स्वच्छतेनुसार कॅरेटला किती शे डॉलर ते लिहिलेलं असतं. सौदे त्या आकड्यावर होत नाहीत, बहुतेक यादीपेक्षा अमुक टक्के खाली असेच होतात. म्हणून दुकानदारानं यादी दाखवून “बघा, एवढा भाव आहे” म्हटलं तर यादीच्या किती खाली देता, असं बिनदिक्कत विचारावं.

आता चिठ्ठीवरच्या सव्वादोन रतीचं बघू. हा घोळ मला खरोखर महत्त्वाचा वाटतो, कारण यामुळे घराघरांत गैरसमज आणि भावाभावांत भांडणं झालेली मी पाहिलीत. रती म्हणजे मुळात गुंज, ती लाल-काळी बी. सोनाराच्या जुन्या मापात ९६ रतींचा तोळा आणि तोळा ११.६६४ ग्रॅमचा. म्हणजे रती झाली साधारण १२१ मिलिग्रॅमची. राशीच्या खड्यांच्या दुकानांत आज जी रती चालते ती वेगळी, साधारण १८२ मिलिग्रॅमची. कॅरेट मात्र सगळीकडे एकच, २०० मिलिग्रॅम. पूर्वी तोही गावागणिक थोडा बदलायचा, कारण तो आला कॅरोब नावाच्या झाडाच्या बियांवरून, आपल्या गुंजेसारखाच. १९०७ मध्ये तो आंतरराष्ट्रीय परिषदेत ग्रॅमचा पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिग्रॅम असा पक्का ठरला. त्याचे शंभर भाग केले की एक सेंट.

तुमच्या नातेवाइकांनी सव्वादोनला राशीच्या खड्यांच्या रतीनं गुणलं. म्हणून २ कॅरेट ५ सेंटच्या आसपास आलं. जुन्या सोनारानं लिहिली असणार गुंजेची रती. तिनं गुणा: २७३ मिलिग्रॅम, म्हणजे १ कॅरेट ३७ सेंट. सराफांनी सांगितलेल्या १.४० च्या किती जवळ आलं बघा. चिठ्ठी खरी आहे, सराफही खरं बोलतायत, आणि मधले साठ-पासष्ट सेंट कुणी काढून घेतलेले नाहीत. हे घरात सगळ्यांना एकदा बसून सांगा.

पण सराफांचा १.४० हासुद्धा अंदाजच आहे. हिरे कोंदणात असताना काट्यावर तोलता येत नाहीत, मापून काढावे लागतात. गोल हिऱ्यासाठी व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, सगळं मिलिमीटरमध्ये, आणि त्याला ०.००६१ नं गुणायचं. ३ मिलिमीटर व्यासाचा नीट पैलूंचा हिरा १० सेंट भरतो. हे सूत्र आजच्या कटाचं. जुन्या कुड्यांतले हिरे बहुतेक जुन्या कटाचे असतात, वरचा सपाट भाग लहान, माथा उंच, बुडाचं टोक कापलेलं. शिवाय कोंदण पाठीमागून बंद असलं तर खोली मोजायची कशी? अशा वेळी पाच-दहा टक्क्यांचा फरक प्रामाणिक माणसाच्या हातूनही होतो. तोंडी आकड्यावर मोड ठरवू नका. “मापून काढलेलं अंदाजे वजन” असं कागदावर लिहून मागा.

इथं आणखी एक गोष्ट, कारण दर लग्नसराईत कुणीतरी यात अडकतंच. सोन्याचा कॅरेट आणि हिऱ्याचा कॅरेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, २४ भागांत किती भाग सोनं ते. हिऱ्याचा वजन सांगतो. हिऱ्याची अंगठी १८ कॅरेट सोन्याची असली तर ती हलकी प्रत म्हणून नाक मुरडू नका. २२ कॅरेट सोनं मऊ असतं, हिरा धरणाऱ्या कड्या सैल पडतात आणि हिरा गळतो. हॉलमार्कही सोन्याच्या शुद्धतेचाच. त्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी बीआयएस केअर ॲपवर तपासा, पण त्यावरून हिऱ्याबद्दल काहीच कळत नाही.

बिल बघताना हिऱ्यांचं वजन सोन्यातून वजा झालंय का ते आधी बघा. अंगठी काट्यावर ४.२०० ग्रॅम भरली आणि हिरे १.३० कॅरेट असले, तर हिऱ्यांचे ०.२६० ग्रॅम वजा जाऊन सोनं उरतं ३.९४० ग्रॅम. वजा केलं नसेल तर हिऱ्यांचे पैसे देऊन वर तेवढ्याच वजनाचे सोन्याच्या भावानंही देता. घडणावळ टक्क्यांत लावली असेल तर तीही त्यावर चढते.

“१ कॅरेटची अंगठी” या शब्दांवरही थांबा. कागलकडचे एक शेतकरी दोनेक वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. लेकीच्या लग्नात दिलेली अंगठी, “एक कॅरेट म्हणून घेतलीया, भाव किती येतोय बघा” म्हणाले. भिंगाखाली धरली तर मध्ये एक आणि भोवती बारीक आठ हिरे, असे चिकटवून बसवलेले की हातभरावरून एकच मोठा खडा वाटावा. सगळे मिळून १ कॅरेट होतं, बिलावर “एकूण हिरे १.०० कॅरेट” असं लिहिलेलंही होतं. कायद्यानं काही खोटं नव्हतं. पण त्यांनी मोजलेले पैसे एका हिऱ्याचे होते. ऊस विकून आलेले पैसे होते ते. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो: मधल्या हिऱ्याचं वजन वेगळं, बाजूच्या बारीक हिऱ्यांचं वेगळं आणि त्यांची संख्या, हे तीनही बिलावर लिहून घ्या.

वजन पुरतं झालं तरी किंमत ठरत नाही. रंग, स्वच्छता आणि कट या तीन गोष्टींवर एकाच वजनाच्या दोन हिऱ्यांत कित्येक पटींचा फरक पडतो. रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात. डी म्हणजे पूर्ण बेरंग, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. स्वच्छतेत भिंगातून दहापट मोठं करून आतले ठिपके, रेषा, तडे बघतात. हे दोन्ही दुकानात सगळे सांगतात, म्हणून मी त्यावर फार वेळ घालवत नाही. पिवळ्या सोन्याच्या अंगठीत एच किंवा आय रंग छान दिसतो, सोन्याचीच झाक त्यात उतरते, आणि नुसत्या डोळ्यांना डाग दिसत नसेल तर व्हीएस-दोन ही स्वच्छतेची मधली प्रत पुरे. त्याच्यावरची प्रत घेऊन वाढलेले पैसे बोटावर दिसत नाहीत.

कटाचं मात्र तसं नाही. माझ्या मते हिऱ्यातलं माणसाचं काम ते एवढंच, आणि हिरा जिवंत वाटतो तो त्यामुळेच. जुनी माणसं ज्याला हिऱ्याचं पाणी म्हणायची, त्यातला निम्मा भाग कटाचा. प्रकाश वरून आत शिरला पाहिजे, खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर डोळ्यात आला पाहिजे. हिरा फार खोल असला तर प्रकाश बाजूनं निसटतो आणि मधोमध काळपट दिसतं, फार उथळ असला तर खालून निसटतो आणि हिरा काचेसारखा निर्जीव दिसतो.

इथंच वजनाचा मोह नुकसान करतो. कारागिराच्या हातात असा खडा आला की नीट पैलू पाडले तर ९३ सेंट भरेल, तर तो काय करतो? १ कॅरेटची पायरी गाठायला पोट खोल ठेवतो, कमरेची, म्हणजे सर्वांत रुंद भागाची, कड जाड ठेवतो. कागदावर १.०० येतं, दरही १ कॅरेटचा लागतो. पण ते वजन खाली कोंदणात दडलेलं असतं. हिशेब करून बघा. खोली व्यासाच्या ६६ टक्के असलेला १ कॅरेटचा हिरा वरून ६.२९ मिलिमीटर दिसतो. खोली ६० टक्के असलेला ९३ सेंटचा हिरा ६.३३ मिलिमीटर. म्हणजे वजनानं लहान असलेला हिरा दिसायला केसभर मोठा, झळाळी कितीतरी जास्त, आणि पायरीच्या खाली असल्यामुळे कॅरेटचा दरही कमी. मी माझ्या मुलीच्या लग्नात ९२ सेंटचाच हिरा निवडला होता. सुनेसाठीही ९० ते ९५ सेंटमध्ये उत्तम कटाचा मिळतो का ते आधी विचारा. ९७-९८ सेंटचे हिरे सहसा दिसत नाहीत, कारण तिथवर आलेला कारागीर १.०० गाठतोच.

वजन घालवून हिरा सुधारतो याचं आपल्या मुलखातलं उदाहरण नाशिकच्या हिऱ्याचं. त्र्यंबकेश्वराच्या शिवाचा म्हणून तो ओळखला जातो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी वजन राखून पैलू पाडले होते. लंडनला गेल्यावर तो थोडा उतरवला गेला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा कापला, तेव्हा उरला ४३.३८ कॅरेट. अर्ध्याहून जास्त वजन धुळीत गेलं ते झळाळीसाठी. त्र्यंबकेश्वराचा हिरा आपल्याकडे नाही याचं मला वाईट वाटतंच, पण कट म्हणजे काय ते सांगताना मला त्याच्याइतका बोलका दाखला दुसरा सापडत नाही.

लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याबद्दल तुम्ही विचारलंत. तो खोटा नाही. अमेरिकन डायमंड म्हणून जे विकतात ते झिरकोनियाचे खडे वेगळे. लॅबचा हिरा म्हणजे कार्बनच, तेवढाच कठीण, तेवढाच चमकदार. भिंगानं मलाही तो आणि खाणीतला यांतला फरक सांगता येणार नाही, त्यासाठी यंत्र लागतं. दुकानातला पेनासारखा साधा टेस्टर दोन्हींना हिराच म्हणतो. किमतीचा पाया मात्र पूर्ण वेगळा आहे. खाणीतला मोठा हिरा विरळा म्हणून पायऱ्या तयार होतात. लॅबमध्ये मोठा हिरा हवा तर यंत्र जास्त दिवस चालवायचं, नवी यंत्रं लावायची. माल वाढला, भाव वेगानं खाली आला. २०२५ मध्ये जीआयए या मानाच्या हिरे-परीक्षण संस्थेनं लॅबच्या हिऱ्यांना खाणीतल्यासारखी रंग-स्वच्छतेची अक्षरी प्रत देणंच थांबवलं, आता ‘प्रीमियम’ आणि ‘स्टँडर्ड’ अशा दोनच पातळ्या ठेवल्यात. सुनेला आवडला आणि हौस म्हणून घ्यायचा असेल तर जरूर घ्या, पैसेही वाचतील. पण तो उद्या मोडीत किती येईल ते दुकानदाराकडून लिहून घ्या. बऱ्याचदा पेन तिथंच थांबतं.

आणि कुड्या देऊन लॅबचा हिरा, हा सौदा मात्र करू नका. कळकळीनं सांगतो. तुमच्या कुड्या सासूबाईंच्या लग्नातल्या, १९५० च्या आधीच्या म्हणता. प्रयोगशाळेत हिरा बनवल्याची पहिली खात्रीलायक घोषणा झाली १९५५ मध्ये, तीही कारखान्यात घासायला वापरायच्या बारीक कणांची, आणि झिरकोनिया बाजारात आला १९७६ च्या सुमारास. म्हणजे मधल्या काळात खडे बदलले गेले नसतील आणि ते हिरेच असतील, तर ते जमिनीतलेच आहेत, त्याला सर्टिफिकेट लागत नाही. मोडीत मात्र त्यांचा भाव लागेल बारीक, जुन्या कटाच्या मालाचा. मोडीत घेणारा ते कोंदणातून काढणार, नव्यानं कापणार, त्यात वजन आणखी उतरणार, आणि तो हे सगळं आधीच तुमच्या रकमेतून वजा करणार. तुमच्या दृष्टीनं जी वस्तू आहे ती त्याच्या काट्यावर फक्त माल असते. खरं तर सात हिऱ्यांची जुनी कुडी डोळ्यांना १ कॅरेटच्या एका हिऱ्यापेक्षा कितीतरी भरगच्च दिसते. तीन-तीन मिलिमीटरचे चौदा हिरे मिळून जेवढी जागा भरतात ती साडेसहा मिलिमीटरच्या एका हिऱ्याच्या जवळजवळ तिप्पट.

माझं मत विचाराल तर अंगठी ९० सेंटच्या घरातली किंवा अगदी ७० सेंटची घ्या, कट उत्तम घ्या, जीआयए किंवा आयजीआय या तशाच दुसऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट बघा आणि त्याचा नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कमरेवर लेसरनं कोरलेला असतो, तो दुकानातल्याच भिंगातून वाचून कागदाशी ताडून घ्या. सर्टिफिकेटवर हिरा कसा आहे ते लिहिलेलं असतं, भाव लिहिलेला नसतो. भावासाठी तोच कागद घेऊन आणखी दोन पेढ्या फिरा. हिरा दिव्याखाली बघून ठरवू नका. दुकानातले दिवे हिरा चमकावा म्हणूनच लावलेले असतात. महाद्वार रोडच्या बाजूला सावलीत उभं राहून, उन्हात नव्हे, हात खाली धरून बघा. तिथं चमकला तर घरीही चमकेल.

कुड्या सुनेला तशाच द्या. त्याआधी फिरक्या मात्र बदलून घ्या, जुन्या फिरक्यांचे आटे झिजतात आणि कुडी कानातून कधी सुटते ते कळतही नाही. सोनाराला हिऱ्यांच्या कड्याही भिंगाखाली बघायला सांगा, काम तुमच्यासमोर करून घ्या, आणि नेण्याआधी दोन्ही कुड्यांचे पुढून-मागून जवळून फोटो काढून ठेवा. चौदातला एक जरी गळाला तर जुन्या कटाचा, त्याच पाण्याचा जोड शोधायला मला मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे महिनोन्‌महिने फेऱ्या माराव्या लागतात, आणि तरीही मिळेलच असं सांगता येत नाही.